उशाशी लावलेलं झुडूप

सलग तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात नासपतीच्या पानांवर ठिपके उठले, तेव्हा देसांकानं कपाळाला हात लावला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. "आलास?" एवढंच तिनं विचारलं. घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून रोगालाच विचारलं.

ठिपका आधी टाचणीच्या डोक्याएवढा, पिवळसर. आठ दिवसांत नखाएवढा, नारिंगी, कडेला लाल रेघ, आणि मधोमध काळे बारीक कण, खसखस सांडल्यासारखे. एका पानावर एक असता तर दृष्ट लागू नये म्हणून लावलाय असं म्हणता आलं असतं. पण एकेका पानावर सात-सात, आठ-आठ. चार ओळींत मिळून सव्वीस झाडं. सगळी करामांका जातीची, रानटी नासपतीच्या बुंध्यावर वेलीझारनं स्वतःच्या हातानं कलम केलेली. नवऱ्यानं मागं काय ठेवलं असं कुणी विचारलं असतं, तर देसांकानं ही सव्वीस झाडं दाखवली असती, आणि मग जरा थांबून त्याचं भिंग.

पहाटे उठून तिनं पिंपात मोरचूद कालवलं, चुना कालवला, फडक्यातून गाळलं. सोळा लिटरचा पंप उंबऱ्यावर ठेवून, स्वतः खालच्या पायरीवर बसून, पट्टे खांद्यात अडकवून उठायचं, ही युक्ती तिची तिनं शोधलेली. पाठीवर पंप चढवून द्यायला माणूस नसला की असल्या युक्त्या सुचतात. डावा गुडघा उठताना बोलायचा. ती त्याला उलट बोलायची. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते आणि डोक्याच्या रुमालाखालून घामाचं निळं पाणी भुवईत उतरत होतं.

पायवाटेपलीकडून झागोर्का आली. वेलीझारची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. कुंपणाला तिची टेकायची जागा ठरलेली होती, तिथली फळी गुळगुळीत झाली होती.

"पुन्हा निळं पाणी? झाडं काय आंघोळीला बसवलीस?"

"ठिपके आलेत, वन्सं."

"येणारच. माझा भाऊ होता तेव्हा आले होते का? झाडाला पुरुषाचा हात लागतो गं."

"लागतो तर. म्हणूनच तुमच्या आलुबुखारात गेल्या साली अळ्या पडल्या, दोन-दोन पुरुष घरात असून."

"जीभ बघा हिची! निळी झाली असती तर बरं झालं असतं," असं म्हणून झागोर्का हसली आणि कॉफी प्यायला आत आली. रोजचंच होतं ते. दोघी एकमेकींना टोचत आणि टोचून झालं की साखर किती घालू म्हणून विचारत.

रविवारी अकराला, चर्चची घंटा थांबली की रादिशाचा फोन यायचा. एकुलता एक मुलगा, व्हिएन्नात इमारतींच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा करायचा. फोन तीन मिनिटांचा.

"जेवलीस?"

"जेवले."

"पाऊस?"

"पडला थोडा."

मग दोघंही गप्प. त्या गप्प बसण्यात देसांकाला त्याच्या खिडकीखालून ट्राम गेल्याचं ऐकू यायचं. मग तो घसा खाकरायचा, आणि त्याचा आवाज एकदम दुसराच व्हायचा, लहानपणी ससा पाळला होता तेव्हासारखा.

"झुडूप कसं आहे?"

"छान आहे. हिरवंगार."

"पाणी घालतेस ना? मुळाशी घालत जा, वरून नको."

"मुळाशीच घालते, बाळा."

वेलीझार गेला तो जानेवारीत. बर्फ होतं, सरहद्दीवर गाड्यांची रांग होती. रादिशा पोचला तेव्हा माती पडून एक दिवस झाला होता. तो थडग्यापाशी उभा राहिला, रडला नाही, काही खाल्लं नाही, तिसऱ्या दिवशी परत गेला. पुढच्या मे महिन्यात न सांगता आला. गाडीच्या मागच्या सीटवर एक झुडूप, कुंडीभोवती सीटबेल्ट लावलेला, पाहुण्याला बसवावं तसं. तिकडच्या रोपवाटिकेतलं जुनिपर, सुरूच्या झाडासारखं पण पसरट, निळसर हिरवं. दोन सरहद्दी ओलांडून आणलेलं. बापाच्या उशाशी त्यानं स्वतः खड्डा खणला, झाड लावलं, मातीवर राकियाची, घरी गाळलेल्या दारूची, धार धरली आणि तिथं बसून पोटभर रडला. देसांका लांब उभी राहिली होती. जवळ गेली असती तर त्याचं रडणं थांबलं असतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. त्या झुडपाशिवाय आईला विचारायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि नासपतींचं त्याला सांगायची सोय नव्हती. मागं एकदा सांगितलं तर म्हणाला, "काढून टाक ना आई ती झाडं. वावर विकून टाक, इकडे ये." इकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. देसांका एकदा बारा दिवस राहून आली होती. बाराही दिवस तिनं ती भिंत बघितली. झाडं गेली की इथं राहायला कारण उरत नाही, आणि कारण उरलं नाही की ती भिंत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑगस्टात पानं गळायला लागली. अक्रोडाएवढी फळं देठापासून सुटून पडत. गवतात पडल्याचा आवाज होत नाही, पण तिला व्हायचा. तिनं पडलेलं एकूण एक पान दंताळ्यानं ओढून जाळलं. तिसऱ्या वर्षीही.

शाळा तिची आठवीपर्यंत. पण वेलीझारचं भिंग होतं, कलमाचा डोळा नीट बसला की नाही बघायला तो गळ्यात बुटाच्या नाडीनं बांधून हिंडायचा. ते आता तिच्या गळ्यात होतं. आणि चर्चचं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. दर आठवड्याला एक पान तोडून ती त्या तारखेच्या कागदाखाली दाबून ठेवायची. संत जॉर्जच्या दिवशी, मेच्या पहिल्या आठवड्यात, पान स्वच्छ. जूनच्या उपासात ठिपका. संत एलियाच्या दिवशी, ऑगस्टच्या आरंभी, पानाच्या पाठीवर फुगवटे. आणि आता, ऑगस्ट सरताना, मरियमच्या सणानंतर, तिनं पान उलटं करून भिंगाखाली धरलं आणि बसूनच राहिली. फुगवट्यांतून बारीक बारीक तपकिरी कंदील लोंबत होते. खरंच कंदील. उभ्या पट्ट्यांचे, तळाशी चिरलेले, आतून भुकटी सांडणारे. कुणीतरी फार मन लावून बनवल्यासारखे.

"एवढी कारागिरी," ती म्हणाली, "आणि माझ्याच मुळावर."

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर गुंडाळून ती सहाच्या बसनं तालुक्याला गेली. शेती केंद्राच्या दारातल्या मुलीनं मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं, "फवारणीचं वेळापत्रक तिथं लावलंय, आजी."

"वेळापत्रक नकोय. हा कोण आहे ते विचारायचंय."

"कोण?"

देसांकानं कॅलेंडर उलगडलं. मुलीनं पानं बघितली, देसांकाच्या निळ्या नखांकडे बघितलं आणि बाकाकडे बोट केलं. बाकावर ती साडेदहापर्यंत बसली. शेजारी एका बाईच्या मांडीवर टोमॅटोची पिशवी होती, त्या बाईनं विचारलं, "तुमचं कुणी आजारी आहे का?" देसांका म्हणाली, "सव्वीस जण."

आतला ओब्राद, शेतीखात्याचा इंजिनियर, निवृत्तीला आलेला, बारमाही पडशाचा माणूस. त्यानं नाक पुसत पहिलं पान घेतलं, मग दुसरं, मग कॅलेंडर स्वतःकडे ओढून घेतलं आणि नाक पुसायचं विसरला.

"हे कुणी लावलं असं?"

"मीच. चुकलं का?"

"तीस वर्षांत लोकांनी मला पानं पिशवीत कोंबून आणलीत. सडकी. तारखेनं कुणी आणली नाहीत." त्यानं कंदिलातली भुकटी काचेवर झटकली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि तिला खुर्ची दिली. देसांकानं डोळा लावला. सोनेरी गोल दाणे, अंगावर बारीक काटे. हजारो. तिनं श्वास रोखला, जणू फुंकर लागून उडतील.

"तांबेरा," ओब्राद म्हणाला. "नासपतीचा तांबेरा. बुरशी आहे. तुम्ही मोरचूद मारताय?"

"तीन वर्षं."

"पानं जाळताय?"

"एकूण एक."

"म्हणजे तुम्ही पाहुण्याची चादर धुताय, बाई. पाहुणा राहतो दुसऱ्याच्या घरी. हा नासपतीवरून नासपतीवर जातच नाही. याला दोन घरं लागतात. हिवाळा काढतो जुनिपरवर. वसंतात पाऊस पडला की तिथून वाऱ्यावर बसून तुमच्या पानांवर येतो. आणि हे कंदील फुटले की इथून पुन्हा तिकडे. जुनिपर आहे का जवळपास?"

"आहे की. डोंगरभर आहे. त्याची फळं राकियात घालतो आम्ही."

"रानटी नव्हे. तो याला चालत नाही. बागेतला, शोभेचा. लोक फाटकापाशी लावतात तो."

"आमच्याकडे फाटकापाशी कुत्रा असतो, इंजिनियरसाहेब."

तो हसला, मग शिंकला. "आठवून बघा. अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठंतरी आहे. ते सापडलं की मुळापासून तोडायचं. त्याला औषध नाही."

परतीच्या बसमध्ये तिनं अख्खं गाव आठवलं. घर न् घर, अंगण न् अंगण, कुणाच्या दारात गुलाब, कुणाच्या दारात नुसती विटांची रास. बागेतलं जुनिपर कुठंच नव्हतं. तिच्या नासपतींच्या वाडीच्या वरच्या अंगाला, पायवाटेपलीकडे, दीडशे पावलांवर गावची दफनभूमी होती. बसमध्ये तिच्या मनात ती आली नाही. तिथं झाडं होती असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिथं वेलीझार होता, त्याची आई होती, आणि वेलीझारच्या उशाशी होतं ते रादिशाचं होतं.

म्हणून तिनं ठरवलं की इंजिनियर हुशार असला तरी शहरातला आहे, त्याला आमचा डोंगर काय ठाऊक. आणि सबंध ऑक्टोबर ती कोयता घेऊन डोंगरावर रानटी जुनिपर तोडत बसली. ते टोचतं. हातमोज्यातून टोचतं, बाहीतून टोचतं. संध्याकाळी ती दिव्याखाली बसून भिंगानं तळहातातले काटे काढायची. गावात तेवढीच करमणूक झाली. दुकानापुढच्या बाकावरचे म्हातारे म्हणत, "देसांकानं डोंगराची हजामत केलीय, आता मिशा तेवढ्या राहिल्यात." झागोर्का तर कुंपणावरून ओरडलीच, "अगं, यंदा राकियात काय घालायचं? तुझं डोकं?"

"घाला. पण कडू होईल."

हिवाळा आला, गेला. रविवारी अकराला फोन आला. बर्फात झुडूप मोडेल, काठी लाव, तो म्हणाला. तिनं गुडघाभर बर्फातून जाऊन तीन काठ्या लावल्या, वर जुनं पोतं बांधलं. नासपतींना कुणी पोतं बांधत नाही.

ईस्टर त्या वर्षी उशिरा आला. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर नवी हिरवळ बसवायची, लाल अंडी ठेवायची, असा गावचा रिवाज. आधी तीन दिवस पाऊस लागला होता. त्या सकाळी उघडलं, पण कोशावा वारा सुटला होता, पूर्वेकडून, अंगातली ऊब चोरून नेणारा. देसांका टोपलीत गवताची ढेकळं, लाल अंडी, शिजवलेले गहू आणि राकियाची बाटली घेऊन चढ चढत होती, तेवढ्यात वरून झागोर्काचा आवाज आला.

"देसांका! अगं पळ! माझ्या भावाला फुलं आलीत!"

दफनभूमीतल्या साऱ्या बायका वेलीझारच्या उशाशी गोळा झाल्या होत्या. जुनिपरच्या फांद्यांतून नारिंगी जिभा बाहेर आल्या होत्या. ओल्या, लिबलिबीत, बोटाच्या पेराएवढ्या, जर्दाळूचा मुरंबा कुणी चमच्यानं लावत गेल्यासारख्या. हिरव्या झुडपात इतक्या झगझगीत की लांबून दिवे लावल्यासारखं दिसत होतं.

"जुनिपरला असलं फूल नसतं बाई," एक म्हातारी पुटपुटली.

"साध्या जुनिपरला नसतं. हे वेलीझारच्या उशाचं आहे," झागोर्का डोळे पुसत म्हणाली. तिनं मातीत मेणबत्ती रोवली, छातीवर क्रूस काढला आणि खिशातून फोन काढला. "रादिशा! आत्या बोलतेय. अरे, तुझं झुडूप फुललं! हो, हो, नारिंगी! तुझा बाप खूश आहे रे तुझ्यावर!" फोनमधून रादिशाचा आवाज बाहेरपर्यंत आला. तो हसत होता. देसांकानं त्याला हसताना ऐकलं त्याला किती वर्षं झाली होती, तिला मोजता येईना.

ती खाली बसली. गळ्यातलं भिंग काढलं. जिभेखालची फांदी सुजली होती, तिच्या स्वतःच्या बोटांच्या सांध्यांसारखी. साल तडकली होती, त्या तड्यांतून नारिंगी ओल बाहेर येत होती. तिनं बोट लावलं. बोटावर सोनेरी भुकटीचा डाग आला.

"काय बघतेस गं भिंगातून? फुलाला हुंगतात, बघत नाहीत," कुणीतरी म्हणालं.

देसांका उठली. वाऱ्यानं तिच्या डोक्याच्या रुमालाचं टोक सुटून फडफडत होतं, सरळ, एका दिशेला बोट दाखवल्यासारखं. तिनं त्या दिशेला बघितलं. खाली पायवाट, तिच्यापलीकडे चार ओळी, सव्वीस झाडं, आणि प्रत्येक झाडावर आठवडाभरापूर्वी उलगडलेली कोवळी पानं.

तिनं ढेकळं बसवली, अंडी ठेवली, राकिया ओतली. सगळ्यांबरोबर गहू खाल्ले.

बुधवारी तिनं फोन हातात घेऊन पाहिला. काय म्हणायचं? तुझा बाप खूश नाही, तुझ्या बापाच्या उशाशी रोग आहे? तू दोन सरहद्दी ओलांडून तोच आणलास? तिनं फोन खाली ठेवला. रेडिओवर सांगितलं, शुक्रवारपासून पाऊस, आठवडाभर. एकेका पावसात त्या जिभा फुगणार, वाऱ्यावर भुकटी सोडणार. औषध नाही, असं तो पडशाचा माणूस म्हणाला होता.

गुरुवारी सकाळी ती छाटणीची करवत, कुदळ आणि हातगाडी घेऊन वर गेली. आधी वाटलं, सुजलेल्या फांद्या तेवढ्या काढू. एक काढली, दुसरी काढली. खाली मुख्य खोडालाच सूज होती, मनगटाएवढी, अगदी मातीत शिरलेली.

"तूच सांग आता," ती दगडाला म्हणाली. दगडावर वेलीझारचा फोटो होता, टाय लावलेला, त्याला आयुष्यात न शोभलेला. "नाही ना बोलत? जिवंतपणीही असंच. सगळं ठरवून झालं की म्हणायचास, तुला वाटेल ते कर."

खोडाला करवत लावली. लाकूड लाल होतं, वास इतका गोड की तिला दोनदा थांबून तोंड फिरवावं लागलं.

"देसांका!"

झागोर्का मेणबत्त्या घेऊन उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"थडग्यावरचं तोडतेस? माझ्या भावाच्या उशाचं?"

"रोग आहे, वन्सं. नासपतींवर येतो तो इथनं येतो. ती फुलं नव्हेत."

"मी मेणबत्ती लावली त्याला! गावानं क्रूस काढले!"

"माहीत आहे."

"थडग्यावरची काडी मोडली की घरातलं एक माणूस जातं. एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?"

देसांकानं करवत चालूच ठेवली. "घरात कोण आहे, वन्सं? मीच आहे."

झागोर्कानं हातातल्या मेणबत्त्या घट्ट आवळल्या. "पोराला काय सांगशील?"

"तोडलं म्हणून सांगेन."

"तुझ्याआधी मी सांगेन."

"सांगा. मला जमत नाहीये."

झागोर्का मेणबत्त्या घेऊन तशीच उतरली. देसांकानं खोड पाडलं, कुदळीनं मुळं उकरली, राहिलेल्या खड्ड्यात गवताचं ढेकूळ बसवून पायानं दाबलं. दफनभूमीतलं लाकूड चुलीत घालत नाहीत, म्हणून तिनं ते वाडीच्या पश्चिमेच्या टोकाला नेऊन जाळलं. ओलं असूनही भडकून पेटलं. त्या धुराचा वास तिच्या रुमालाला आठ दिवस होता. दोनदा धुतला, तरी.

रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तिनं आपण होऊन फोन लावला. आतापर्यंत तिनं कधी लावला नव्हता, त्याला कामाचा व्यत्यय नको म्हणून.

"आत्यानं सांगितलं," तो म्हणाला.

"मी सांगणार होते."

"फुललं होतं ना गं ते."

"ती फुलं नव्हती, बाळा. तांबेरा होता. माझ्या झाडांवर तिथून यायचा."

"सीटबेल्ट लावून आणलं होतं मी ते."

"माहीत आहे."

खालून ट्राम गेली. बरीच लांब गेली. मग फोन बंद झाला.

पुढचे पाच रविवार चर्चची घंटा थांबली की नुसती थांबायची. देसांका फोन टेबलावर ठेवून बसायची, बारा वाजता उठून भांडी घासायची. दुकानात पाव घ्यायला गेली की बायका आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागायच्या. झागोर्का कुंपणाशी येईना. ती गुळगुळीत फळी रिकामी. टोमण्यांनीही दिवस भरतो, हे देसांकाला त्या महिन्यात कळलं. कॉफी ती सवयीनं दोन कपांची करायची, आणि दुसरा कप थंड करून संध्याकाळी प्यायची.

जून लागला. रोज सकाळी ती भिंग घेऊन वाडीत जायची, एकेका झाडापुढं उभी राहायची, पानं वाचायची. दफनभूमीकडच्या पहिल्या ओळीत ठिपके उठले. झुडूप तोडण्याआधी जेवढं उडून आलं होतं तेवढं. तिनं मोजले. अकरा पानं. दुसऱ्या ओळीत एक, तेही शंकास्पद. तिसरी स्वच्छ. चौथी स्वच्छ. ती परत उलट्या बाजूनं आली आणि पुन्हा मोजलं. पानं रुंद होती, गडद, वाऱ्यात एकमेकांवर घासून आवाज करणारी. तीन वर्षं तिनं तो आवाज ऐकला नव्हता. आणि आता ऐकला, तर कुणाला सांगायचं? ती पायवाटेपर्यंत गेली आणि झागोर्काच्या बंद खिडकीकडे बघून ओरडली,

"वन्सं! पानं स्वच्छ आहेत!"

मग पडदा हलला.

"मग मी काय करू?" आतून आवाज आला. "नाचू?"

देसांकाला एवढं बरं वाटलं की तिला कुंपणाची फळी धरावी लागली.

त्या रविवारी तिनं फोन टेबलावर ठेवला नाही. फडताळावर ठेवला आणि उपासाच्या बीन्स निवडायला घेतल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. तिच्या मांडीवरची परात कलंडली, दाणे जमिनीवर घरंगळत गेले.

"जेवलीस?"

"नाही अजून. बीन्स निवडतेय."

"पाऊस?"

"परवा पडला."

मग दोघंही गप्प. ट्राम आली, गेली. दुसरी आली. तिला वाटलं, आता ठेवेल. त्याच्याकडे आता विचारायला काहीच नव्हतं, तिनंच करवतीनं तोडून टाकलं होतं ते. तिनं फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला.

त्यानं घसा खाकरला.

"पानं कशी आहेत?"

अकरा, आणि एक शंकास्पद. सकाळीच मोजून आली होती ती.

"थांब हं," देसांका म्हणाली. "बघून सांगते. ठेवू नकोस."

तिनं गळ्यातलं भिंग चाचपलं, दारातले बूट पायात अडकवले, आणि फोन कानाशी धरून वाडीच्या वाटेला लागली. जवळच्या पहिल्या ओळीपाशी ती थांबली नाही. पार शेवटच्या ओळीकडे, शेवटच्या झाडाकडे, सावकाश चालत निघाली.